वॉर्मअप, स्ट्रेचिंग आणि मणका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर, 'चार भिंती' या टेकडीवरच्या ठिकाणापाशी, शाहू क्रीडा संकुलाच्या ट्रॅकवर माणसांची गर्दी असते. भरतीची पोरं, यवतेश्वर घाट पळणारे, निवृत्त झालेली मंडळी, सगळेच. ही फार चांगली गोष्ट आहे. पण फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे कंबर धरून येणाऱ्यांशी बोलताना बऱ्याचदा कळतं की दुखणं पळण्यातून आलेलंच नाही. पळण्याआधी पाच मिनिटं 'अंग मोकळं करताना' ते सुरू झालेलं असतं. त्याबद्दल लोक मला जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. पायात बधिरपणा किंवा ताकद कमी झाल्यासारखं वाटत असेल तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १६ वाचा.

१. वॉर्मअपनेच मणक्याला इजा होते म्हणतात. मग वॉर्मअप करायचाच नाही का?

करायचाच. थंड अंगाने थेट पळणं किंवा वजन उचलणं कधीही वाईटच. अडचण वॉर्मअपच्या नावाखाली होणाऱ्या काही हालचालींची आहे.

कंबरेत पाच मणके असतात आणि त्यांच्यामध्ये गाद्या. गादीच्या मधोमध मऊ, पाणीदार गर आणि भोवती चिवट तंतूंची कडी. आपण पाठ गोल करून पुढे वाकलो की हा गर मागच्या बाजूला ढकलला जातो, आणि पायाकडे जाणाऱ्या शिरा (मज्जातंतू) नेमक्या त्याच बाजूला असतात. १९९९ मध्ये जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या गादीत सेन्सर बसवून दाब मोजला गेला. ताठ उभं असताना जेवढा दाब होता, त्याच्या दुपटीहून थोडा जास्त पुढे वाकल्यावर भरला. पाठ गोल करून २० किलो उचलल्यावर तो साडेचार पटींवर गेला.

म्हणून एकदा वाकलं की गादी सरकते, असं समजू नका. मणका वाकण्यासाठीच आहे. थंड अंग, गोल पाठ, झटका आणि पीळ यांतल्या दोन-तीन गोष्टी एकाच वेळी आल्या आणि ते रोज होत राहिलं, की तंतू हळूहळू झिजतात. मग एके दिवशी चप्पल उचलायला वाकल्याचं निमित्त होतं.

२. वॉर्मअप आणि स्ट्रेचिंग एकच ना?

नाही. वॉर्मअप म्हणजे अंग गरम करणं: रक्ताभिसरण वाढवणं, स्नायूंचं तापमान वाढवणं, सांधे हलते करणं. स्ट्रेचिंग म्हणजे स्नायू ताणून धरणं. थंड स्नायू ताणून तो गरम होत नाही. पळण्याआधी एकच स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला तर त्याची ताकद काही वेळापुरती थोडी कमी होते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून व्यायामाआधी हालचाली करा आणि ताणून धरणं शेवटी ठेवा. दोन्हींचा क्रम प्रश्न ५ मध्ये दिला आहे.

३. मी पहाटे उठून लगेच चार भिंतीला जाते आणि तिथे आधी कंबर वाकवून मोकळी करते. सकाळीच तर कंबर जास्त धरलेली असते, मग वाकवायला नको का?

सकाळी कंबर ताठ लागण्याचं कारणच असं आहे की तेव्हा ती वाकवू नये. रात्रभर आपण आडवे असतो, गाद्यांवर भार नसतो, आणि त्या पाणी शोषून घेतात. सकाळी गादी भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टंच असते. म्हणूनच सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा दीड-दोन सेंटिमीटरने जास्त भरते. टंच गादी वाकवताना तिच्या तंतूंवर येणारा ताण दुपारच्या मानाने कितीतरी जास्त असतो. उठून हिंडायला-फिरायला लागलं की हे जादा पाणी बाहेर पडतं आणि त्यातलं जवळजवळ निम्मं पहिल्या तासाभरातच निघून जातं.

१९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या लोकांना उठल्यावर पहिले दोन तास पुढे वाकणं टाळायला सांगितलं होतं. तेवढ्याने त्यांच्या दुखण्याचे दिवस कमी झाले. गोळी नाही, मशीन नाही.

तुम्ही घरापासून चार भिंतीपर्यंत चालत जाता, तोच तुमचा वॉर्मअप समजा. वर पोचल्यावर कंबर वाकवू नका. हात वर घेऊन उंच व्हा, खांदे फिरवा, पाय झुलवा. ताणायचं ते खाली उतरताना किंवा घरी आल्यावर. बेसिनवर ओणवं होऊन तोंड धुणं, उठल्या उठल्या वाकून झाडू मारणं यांनाही हेच लागू. बेसिनवर एक हात टेकवला तरी फरक पडतो. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल तर प्रश्न १९ पाहा.

४. गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरायचे, हे शाळेपासून करतोय. त्यात काय चूक आहे?

अंगठ्याला हात लागतो, पण तो कुठून लागतो हे महत्त्वाचं. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर खुबा जागचा हलत नाही आणि वाकण्याचं सगळं काम कंबरेचे मणके करतात. मांडी तशीच आखडलेली राहते आणि कंबर मात्र रोज ताणली जाते.

एक काठी घ्या. पाठीमागे उभी धरा, एक हात मानेमागे, एक कंबरेमागे. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याची मागची बाजू, दोन खवाट्यांमधली जागा आणि माकडहाड. आता गुडघे किंचित सैल सोडून, बूड मागे ढकलत पुढे झुका. काठी जिथे कुठे सुटेल तिथे थांबा. बहुतेकांची ती अर्ध्या वाटेतच सुटते आणि मांडीच्या मागे जोराचा ताण जाणवतो. तोच तुम्हाला हवा असलेला ताण. तिथून पुढे जे वाकणं होतं ते कंबरेच्या खर्चाने. रोज आठ-दहा वेळा काठी लावून झुका. ही सवय लागली की गॅसची टाकी हलवताना, बाळाला पाळण्यातून उचलताना पाठ आपोआप सरळ राहते.

५. बरं, मग पळण्याआधी नेमकं करायचं तरी काय?

आधी पाच मिनिटं झपाझप चाला, मग तीन-चार मिनिटं अगदी सावकाश पळा. कपाळाला किंचित घाम यायला हवा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत याला आणखी चार मिनिटं द्या आणि अंग गरम होईपर्यंत स्वेटर काढू नका.

मग जागेवर: हात मोठे गोल फिरवणं, कठड्याला धरून एकेक पाय पुढे-मागे आणि आडवा झुलवणं (झुलतो पाय, कंबर नाही), लांब ढांगा टाकत गुडघा खाली नेत चालणं, आणि दहा अर्ध्या बैठका. गवत किंवा चटई असेल तर हातापायांवर या आणि पाठ सावकाश वर-खाली करा, सहा-सात वेळा. टोकापर्यंत ताणू नका, नुसती हलवा. त्याच स्थितीत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करून पाच-सात सेकंद थांबा, मग बाजू बदला. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तर सांडणार नाही इतकं स्थिर. मला विचाराल तर कंबरेसाठी यापेक्षा चांगला वॉर्मअप नाही, कारण यात कंबर ताणली जात नाही, सांभाळली जाते. शेवटी ५०-६० मीटरच्या दोन-तीन हलक्या धावा. सगळं मिळून बारा-पंधरा मिनिटं.

ताणायचं ते पळून झाल्यावर. उताणं झोपून एक पाय दुमडा, दुसऱ्या तळव्याला पंचा किंवा ओढणी अडकवून तो वर घ्या, २०-३० सेकंद. कंबर जमिनीला टेकलेली राहते, त्यामुळे ताण मांडीलाच मिळतो. भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणा. एका गुडघ्यावर बसून जांघेचा पुढचा भाग ताणा. यवतेश्वर घाटातून चढ-उतार करणाऱ्यांनी हा शेवटचा अजिबात सोडू नये. जांघ आखडली की ती कंबर पुढे खेचते आणि उतारावर प्रत्येक पावलाला मागचे सांधे आपटतात.

६. स्ट्रेचिंग करताना छोटे छोटे झटके दिले की लवकर खाली जाता येतं. चालेल का?

नको. स्नायू अचानक ताणला की तो स्वतःला वाचवण्यासाठी उलट आखडतो. तरीही झटक्याने तुम्ही खाली गेलात, तर ती जादा दोन इंच स्नायूने दिलेली नसतात. ती कंबरेच्या बंधनांनी आणि गादीच्या तंतूंनी दिलेली असतात. बसून दोन्ही पाय लांब करून झटके देणं त्याहून वाईट, कारण तिथे खुब्याला फिरायला जागाच उरत नाही.

७. बागेतल्या ओपन जिममध्ये उभं राहून कंबर फिरवायचं चक्र आहे. पोट कमी व्हावं म्हणून मी त्यावर रोज दहा-पंधरा मिनिटं फिरते. योग्य आहे का?

पोटासाठी त्याचा उपयोग नाही. एका जागची चरबी फिरवून कमी होत नाही.

मणक्याचं म्हणाल तर कंबरेचा भाग फिरण्यासाठी घडलेलाच नाही. तिथले मागचे सांधे असे उभे बसवलेले असतात की मणक्यांच्या एका जोडीत जेमतेम एक ते तीन अंश फिरणं होतं. आपण मागे वळून पाहतो ते छातीच्या बारा मणक्यांच्या आणि खुब्यांच्या जोरावर. चक्रावर खांदे धरलेले असतात आणि खालचा भाग वेगाने गरगरतो, त्यामुळे पिळण्याचं सगळं काम कंबरेकडे येतं. गादीचे तंतू एकाआड एक तिरपे विणलेले असतात. एका दिशेला पीळ दिला की निम्मे ताणले जातात आणि निम्मे सैल पडतात. ताणलेल्या निम्म्यांवर वेगाचा धक्का येतो.

कंबर निरोगी असेल, वेग संथ असेल आणि मिनिटभरच फिरणार असाल तर फारसं बिघडत नाही. दुखरी कंबर असेल तर त्या चक्राकडे फिरकू नका. हेच पाय फाकवून, वाकून, उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला भराभर लावण्याच्या व्यायामाला. त्यात वाकणं, पीळ आणि वेग तिन्ही एकत्र आहेत. माझ्या यादीत तो सगळ्यात वर.

८. मान गोल गोल फिरवली की बरं वाटतं. पण आईला तसं केल्यावर चक्कर आली. का?

मान मागे टाकून त्याच वेळी फिरवली की मानेच्या मागच्या सांध्यांवर दाब येतो आणि मणक्यांच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर ताण पडतो. उतारवयात सांधे झिजलेले असतात, रक्तवाहिन्याही कडक झालेल्या असतात. आईंना चक्कर आली आहे, तेव्हा मान फिरवणं बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचाही तो त्रास असू शकतो.

बाकीच्यांनी पूर्ण गोल न करता मान उजवीकडे-डावीकडे वळवावी, कान खांद्याकडे न्यावा, हनुवटी छातीकडे आणावी. प्रत्येक हालचाल सुटी आणि सावकाश.

९. कंबर पिळली की कडकड आवाज येतो आणि मोकळं वाटतं. सलूनमध्येही मान मोडून घेतो. धोका आहे का?

आवाजाला घाबरू नका. सांध्यातल्या द्रवात दाब बदलून वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. हाड घासल्याचा नाही. पण दर तासाला मोडावंसं वाटत असेल तर खरं दुखणं दुसरीकडे आहे, बहुधा तासन्‌तास एका जागी बसण्यात.

सलूनची गोष्ट वेगळी. तिथे दुसरा माणूस तुमची सैल सोडलेली मान झटक्याने फिरवतो. अशा झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीचा आतला पदर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. प्रमाण फार कमी, पण किंमत फार मोठी. चंपी करून घ्या आणि 'मान नको' असं खुर्चीत बसतानाच सांगा.

१०. सूर्यनमस्कार तरी सुरक्षित आहेत ना? आमच्याकडे रथसप्तमीला १०८ घालतात.

सूर्यनमस्काराचा देशभर प्रसार करणारे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्या खटाव तालुक्यातल्या औंधचे. त्यामुळे या प्रश्नात जिव्हाळा असतो आणि मलाही तो आहे. सूर्यनमस्कार चांगलेच. सांभाळायच्या जागा दोन.

पहिली, हात वर घेऊन मागे वाकण्याची. लोक मान मागे टाकून कंबरेतून मोडतात. पोट आणि बूड घट्ट करा, छाती वर उचला. मागे किती गेलात यापेक्षा वर किती गेलात ते बघा. दुसरी, तिथून लगेच खाली वाकून हात जमिनीला टेकवण्याची. मागून पुढे या झोक्यात पाठ सैल पडते आणि झटका बसतो. गुडघे वाकवा, पोट मांड्यांना लागू द्या. हात टेकले नाहीत तरी नमस्कार पूर्ण होतो.

१०८ नमस्कारांत पहिले वीस सहसा नीट जातात. दमल्यावर आकार बिघडतो. एरवी बारा घालणाऱ्याने एका दिवशी थेट १०८ वर उडी मारू नये, महिना-दीड महिना आधीपासून आकडा चढवत न्यावा. आणि पहाट टाळता येत नसेल तर आधी वीस मिनिटं चालून या (प्रश्न ३).

११. मॅडम, मी पोलीस भरतीची तयारी करतोय. आमच्या ग्रुपमध्ये वॉर्मअपला पाय धरून १०० सिटअप्स घेतात, मग गोळा. आता खाली बसलं की कंबरेत चमक येते.

शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात: मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. सिटअप्सला एकही गुण नाही. मग ज्या व्यायामाला गुण नाहीत त्यासाठी कंबर का झिजवायची?

पाय धरून केलेल्या एका सिटअपला कंबरेच्या मणक्यांवर सुमारे ३,३०० न्यूटन दाब येतो असं मोजलं गेलंय, म्हणजे साधारण ३३५ किलो वजनाइतका. कारखान्यात माल उचलणाऱ्या कामगारांसाठी अमेरिकेत जी धोक्याची रेषा धरतात ती ३,४०० न्यूटनची आहे. तुम्ही रोज शंभर वेळा त्या रेषेला टेकताय, तेही थंड अंगाने. अमेरिकेच्या लष्करानेही २०२२ पासूनच्या चाचणीत सिटअप्स काढून प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं) घेतला. पोट कणखर करायचं तर प्लँक, आडव्या कुशीवरचा प्लँक आणि प्रश्न ५ मधला हात-पाय लांब करण्याचा व्यायाम पुरेसा आहे.

गोळ्याचं लक्ष देऊन ऐक. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. फेकताना शरीर वाकलेलं आणि पिळलेलं असतं आणि तिथून स्फोटासारखं सुटतं. कंबर सिटअप्सने आधीच थकली असेल तर तो पीळ थेट गादीवर येतो. आधी पळून अंग गरम कर, रिकाम्या हाताने दहा वेळा फेकीची हालचाल कर, मग हलका गोळा, मग खरा. मागचा पाय, खुबा आणि मग खांदा, या क्रमाने फिरायचं. बूट जागेवर रुतून राहिला आणि नुसता वरचा भाग फिरला, तर कंबर पिळली असं समज. गोळा उचलायलाही गुडघ्यात वाक. आणि ती चमक पायात उतरायला लागली तर सराव थांबवून तपासून घे.

१२. मुलगा १५ वर्षांचा, तालमीत जातो. ब्रिज (पाठ मागे कमानीसारखी वाकवून अंग उचलणं) केल्यावर कंबरेत एका बाजूला दुखतं. वस्ताद म्हणतात रग आहे, जिरेल. काय करावं?

खाशाबांच्या जिल्ह्यात पोरं तालमीत जाणारच आणि वस्तादांचा अनुभव मोठा असतो. जोर-बैठकांची रग दोन्ही बाजूंना असते आणि दोन-चार दिवसांत जिरते. तुम्ही सांगताय ते दुखणं वेगळं आहे: एका बाजूला, एका बोटाने दाखवता येईल असं, मागे वाकल्यावर वाढणारं.

वाढत्या वयात मणक्याच्या मागच्या कमानीचं हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. वारंवार मागे वाकल्याने तिथे बारीक चीर पडू शकते. पैलवान, जिम्नॅस्ट आणि वेगवान गोलंदाज मुलांमध्ये ती जास्त दिसते. त्याला एका पायावर उभं राहून हळूच मागे वाकायला सांगा. त्याच बाजूला दुखलं तर या आठवड्यातच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. साध्या एक्स-रेमध्ये ताजी चीर दिसतेच असं नाही, हे त्यांच्याशी बोलून घ्या. वेळेत सापडली तर साधारण तीन महिने कुस्ती थांबवून, मग पोट आणि पाठीची ताकद वाढवून मुलं पुन्हा मातीत उतरतात.

मानेचा ब्रिज वॉर्मअप म्हणून पहिल्याच मिनिटाला करू नये. अंग गरम झाल्यावर, हातांचा आधार ठेवून, पूर्ण भार मानेवर न टाकता. लहान पोरांना तर हातांचा आधार ठेवूनच शिकवावा.

१३. मी शाळेत शिक्षक आहे. कवायतीतले कोणते प्रकार बदलू?

वाकून अंगठे धरणं आणि हात-पाय आलटून पालटून लावणं (प्रश्न ७ चा शेवट) काढा. त्याऐवजी जागेवर गुडघे उचलून पळणं, अर्ध्या बैठका आणि हात वर घेऊन टाचा उचलणं घ्या. मुलांची पाठ बहुधा सहन करते, पण सवय तिथेच लागते.

१४. आई ६४ वर्षांची, हाडं ठिसूळ सांगितलीत. योगवर्गात तिच्याकडून पश्चिमोत्तानासन आणि हलासन करून घेतात. करू द्यावं का?

ही दोन्ही आसनं बंद करा. हाडं ठिसूळ असताना पाठ गोल केली की मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब एकवटतो आणि मणका पुढून चेपला जातो. पडणं-धडपडणं काहीच नसताना पोक येतं ते यामुळेच.

१९८४ मध्ये मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांच्या गटांची तुलना केली होती. पाठ मागे ताठ करण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना मणक्याचे नवे फ्रॅक्चर आढळले, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांना. गट लहान होते, त्यामुळे नेमक्या टक्क्यांवर फार विसंबू नये, पण दिशा स्पष्ट आहे.

आईंचा व्यायाम बंद करू नका, कारण त्याने हाडं आणखी विरघळतात. चालणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला पाठ लावून हात वर सरकवणं, पालथं झोपून छाती किंचित उचलणं हे चालेल. वर्गातल्या बाईंना स्पष्ट सांगा. बऱ्याच योगशिक्षिका ऐकल्यावर लगेच बदल करून देतात.

१५. एमआरआयमध्ये गादी बाहेर आलीय, मणक्यात गॅप आहे असं सांगितलं. पवनमुक्तासन करू की भुजंगासन?

आधी रिपोर्टची भीती काढू. अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासले तर विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये गादी फुगलेली दिसते. रिपोर्टपेक्षा तुमचं दुखणं कोणत्या बाजूला वाकल्यावर वाढतं ते जास्त सांगून जातं.

बसल्यावर, वाकल्यावर, शिंकल्यावर वाढत असेल आणि चालल्यावर हलकं होत असेल, तर गुडघे पोटाशी घेणं (पवनमुक्तासन) सध्या नको. कोपरांवर टेकून हलकं भुजंगासन बहुधा मानवेल. याउलट उभं राहिल्यावर, चालल्यावर पाय भरून येत असतील आणि बसलं की बरं वाटत असेल, तर शिरांची वाट अरुंद झालेली असू शकते. हे साठीनंतर जास्त दिसतं. अशांना भुजंगासनाने त्रास वाढतो आणि पवनमुक्तासनाने आराम मिळतो. शेजारणीला ज्या व्यायामाने बरं वाटलं त्यानेच तुमचं वाढतं, त्याचं कारण हेच.

कोणताही व्यायाम करताना एक खूण पाळा. पायातलं दुखणं वर सरकत कंबरेत गोळा होत असेल तर दिशा बरोबर आहे, कंबर थोडी जास्त दुखली तरी. दुखणं पोटरीकडे, तळव्याकडे उतरत असेल तर तो व्यायाम तिथेच थांबवा.

१६. कोणत्या लक्षणांत लगेच दवाखाना गाठायचा?

लघवी अडकणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांत कमजोरी: यांतलं काहीही झालं तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. सकाळची वाट बघू नका. शेपटाकडच्या शिरांचा जुडगा दाबला गेल्यावर तासांचा हिशेब असतो.

पाऊल वर उचलता येत नसेल, चालताना चप्पल निसटत असेल, तर दोन दिवसांत तज्ज्ञांना दाखवा. पाठदुखीसोबत ताप असेल, कारण नसताना वजन घटत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर व्यायाम हा त्यावरचा उपाय नाही. आधी तपासणी.

१७. व्यायाम करताना उसण भरली. घरचे म्हणतात पायाळू माणसाकडून पाठीला पाय मारून घे. घेऊ का?

घेऊ नका. तुमच्या घरच्यांनी उसण उतरलेली पाहिली आहे, हे खरं. उसण म्हणजे बहुतेक वेळा स्नायू अचानक आखडणं. ते दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात आपोआप सैल होतं. मधल्या काळात जो उपाय केला त्याचं नाव होतं. पण उसण समजून जिथे लाथ बसते तिथे खरोखर फुगलेली गादी किंवा ठिसूळ मणका असेल तर नुकसान कायमचं. नातवंडाला पाठीवर उभं करून तुडवून घेणंही ठिसूळ हाडांच्या माणसाने टाळावं.

गरम पाण्याची पिशवी १५ मिनिटं, दर तासाला घरातल्या घरात थोडं चालणं, कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी. अंथरूण धरून पडून राहू नका, त्याने बरं व्हायला उशीर लागतो. आणि उसण ताजी असताना ती 'ताणून काढू' नका.

१८. आम्ही शेतकरी. खुरपणी, उसाची मोळी उचलणं हाच व्यायाम. आम्हाला कसला वॉर्मअप?

तुम्हालाच सगळ्यात जास्त हवा. वीसेक मिनिटं पूर्ण वाकून बसलं की मणक्याची मागची बंधनं सैल पडतात आणि परत आवळायला काही मिनिटं घेतात. खुरपून उठल्या उठल्या मोळी उचलली किंवा ट्रॅक्टरवरून उतरून लगेच खताचं पोतं खांद्यावर घेतलं, तर त्या सैल मिनिटांत कंबर उघडी पडते. उठल्यावर कंबरेवर हात ठेवून चार-पाच वेळा हलकंच मागे व्हा, बांधापर्यंत चालून या, मग वजनाला हात घाला. सकाळी पहिलं काम वाकण्याचं न धरता चालण्याचं धरता आलं तर फार उत्तम.

१९. माझं उलटं आहे. वय २७. पहाटे पाठ इतकी आखडते की झोपमोड होते, पण व्यायाम केला की एकदम मोकळं वाटतं. मग प्रश्न ३ मला लागू आहे का?

तुमच्यासाठी वेगळा विचार करावा लागेल. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली पाठदुखी, रात्रीच्या उत्तरार्धात जाग आणणारी, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी: हे वर्णन गादीच्या दुखण्याचं नाही. मणक्यांच्या सांध्यांना सूज आणणारा संधिवाताचा एक प्रकार असू शकतो. 'जिम जास्त झाली' म्हणून तो कित्येक वर्षं अंगावर काढला जातो आणि तेवढ्यात मणके एकमेकांना जुळायला लागतात.

संधिवाततज्ज्ञांना भेटा. ते रक्ततपासणी आणि गरज पडल्यास माकडहाडाच्या बाजूच्या सांध्यांचा एमआरआय सांगतील. तोपर्यंत सकाळचा व्यायाम सोडू नका. पाठ मागे ताठ करणारे, छाती फुलवणारे व्यायाम आणि दीर्घ श्वसन तुम्हाला गरजेचं आहे. मात्र झटके तुम्हालाही वर्ज्यच.

२०. मी लहानपणापासून लवचिक आहे. गुडघे सरळ ठेवून तळवे जमिनीला टेकतात. मला तर काही धोका नाही ना?

तुमचा अंगठा मागे वाकवून मनगटाला लागतो का? कोपर आणि गुडघे सरळ रेषेच्या पलीकडे मागे जातात का? दोन-तीन उत्तरं 'हो' आली तर तुमची बंधनंच मुळात सैल आहेत. तुम्हाला ताण जाणवतच नाही, म्हणून तुम्ही आणखी खोल जाता, आणि योगवर्गात सगळे कौतुक करतात म्हणून आणखी. सांधा शेवटच्या टोकाला लटकतो आणि तो धरून ठेवणारा स्नायू कामच करत नाही.

तुम्हाला स्ट्रेचिंगची गरज नाही, ताकदीची आहे. प्रत्येक आसनात शेवटच्या टोकाच्या थोडं अलीकडे थांबा आणि तिथे स्नायू घट्ट करून धरा. प्लँक, बैठका, हलकी वजनं, प्रश्न ५ मधला हात-पाय लांब करण्याचा व्यायाम वाढवा. पाठ 'आखडल्यासारखी' वाटली तरी ती ताणू नका. सैल सांध्यांना सांभाळून थकलेल्या स्नायूंनाच ती आखड असते, आणि ताणल्यावर दोन तास बरं वाटून ती परत येते.